ट्रंपेटचा गळा

वामनमास्तर माणसाकडे पाहायचे ते आधी त्याच्या ओठांकडे. नवीन कोणी दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की नाव-गाव विचारायच्या आधी त्यांची नजर तिथे जायची आणि मनात काहीतरी ठरून जायचं. "हा क्लॅरोनेटचा होता," असं ते तो माणूस गेल्यावर म्हणायचे. तो माणूस बहुधा विजेचं बिल वाटणारा असायचा. माझ्या नवऱ्याबद्दल त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तुह्या मालकाले ट्रंपेट नाई जमणार, टेलरबाई. खालचा ओठ आळशी हाये त्याचा." माझा नवरा ऑटो चालवायचा. ट्रंपेट वाजवायचा विचार त्याच्या स्वप्नातही आला नव्हता, तरी नंतरचे दोन दिवस तो आरशासमोर ओठ दाबून पाहत होता.

बाभुळगावात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, आणि भिंतीला भिंत लागून मास्तरांचं दुकान. दुकान म्हणजे टिनाचं छप्पर, एक छोटी ऐरण, वेगवेगळ्या गोलाईचे लाकडी ठोकळे, स्टोव्ह, आणि वर तारेला लटकवलेले पितळी भोंगे. यवतमाळपासून मुकुटबनपर्यंतच्या बँडपार्ट्यांची वाद्यं तिथे दुरुस्तीला यायची. मी आठवीत शाळा सोडलेली, लग्न होऊन नुकतीच त्या गल्लीत आलेली. मला वाटायचं, पितळेचं वाद्य म्हणजे शेवटी भांडंच. पोचा आला की ठोकायचं, गळायला लागलं की कथलाचा डाक लावायचा.

मास्तर स्वतः बिडी ओढत नसत, पण दुकानात बिडीचं बंडल कायम असे. ट्रंपेट कुठून हवा सोडतंय हे शोधायचं तर भोंग्यात चिंधी कोंबायची आणि दुसऱ्या टोकाने धूर सोडायचा. जिथून धुराची बारीक रेघ निघेल तिथे खडूने खूण. गल्लीतले रिकामटेकडे म्हातारे येऊन बसत आणि हात पुढे करत.

"मास्तर, एक बिडी द्या ना जी."

"ट्रंपेटची हाये ते."

"ट्रंपेट कुठी मोजून राह्यलं?"

"ते नाई मोजत. पन तुह्याइतकं खोकतही नाई."

बोलताना त्यांच्या 'स'मधून वारा जायचा. समोरचे दोन दात नव्हते. तरुणपणी ते स्वतः ट्रंपेट वाजवत, आणि दात गेल्यावर ते सुटलं. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. त्यांनी त्याचा विषय कधी काढला नाही. दुरुस्त केलेलं वाद्य ते दुसऱ्याला वाजवायला लावत आणि स्वतः डोळे मिटून ऐकत. वाजवणारा कोणी नसेल तर वाद्य तसंच ठेवून देत, गिऱ्हाईक कितीही तगादा करो.

माझी त्यांची ओळख नमद्यावरून, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडावरून झाली. ट्रंपेटला तीन पिस्टन असतात. पिस्टनच्या अंगाला भोकं असतात. बोटाने दाबलं की पिस्टन खाली जातो आणि त्याची भोकं नळ्यांच्या तोंडासमोर येऊन उभी राहतात, मग वारा दुसऱ्या वाटेने वळतो. पिस्टन नेमका किती खाली जाईल आणि सोडल्यावर किती वर येईल, हे ठरवणारी एक नमद्याची गोल चकती असते, चार आण्याएवढी. मास्तरांची नजर कमी होत चालली होती. एक दिवस ते नमद्याचा तुकडा आणि जुनी चकती घेऊन माझ्या दारात आले. "बाई, तुह्या कैचीले धार हाये. एवढं गोल कापून दे बरं."

मी कापून दिल्या. नमदा संपला तेव्हा कोणाला न विचारता सासऱ्यांच्या जुन्या कोटाच्या जाड कापडाच्या कापल्या, आणि चांगल्या मऊ बसाव्यात म्हणून दुहेरी शिवल्या. त्यातल्या तीन एका दारव्ह्याच्या माणसाच्या ट्रंपेटमध्ये बसल्या. आठ दिवसांनी तो परत आला.

"मास्तर, आवाज गोधडीखालून येऊन राह्यला."

मी भिंतीआड होते. मास्तरांनी मला हाक मारली. मी पदर सावरत गेले तर त्यांनी ट्रंपेटची एक नळी काढून ठेवली, पिस्टन दाबून ट्रंपेट माझ्या हातात दिलं नि म्हणाले, "उजेडाकडे धर अन् आत पाह्य." मी पाहिलं. आत जिथे पूर्ण गोल उजेड दिसायला हवा होता, तिथे चवथीच्या चंद्रासारखी कोर दिसत होती. चकती जाड झाली म्हणून पिस्टन पूर्ण खाली जात नव्हता, आणि भोक भोकासमोर येत नव्हतं.

"दिसलं?"

"हो."

"एका केसाएवढा फरक हाये. पन वाऱ्याले भित दिसली ना त्यात."

ते रागावले नाहीत. मी चूक केली की लोक रागावतात एवढंच मला आतापर्यंत ठाऊक होतं, त्यामुळे मला अधिकच भीती वाटली. मग त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि हातात एकेक करून नमद्याचे तुकडे दिले. कोणता जाड, कोणता पातळ, ते सांग. मी सांगत गेले. दहाच्या दहा बरोबर आले. "तुह्या बोटाले माप दिसते, टेलरबाई," ते म्हणाले, आणि स्टोव्हला पंप मारायला लागले.

आज मी इथे तमिळनाडूत, तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर आहे. कापड बोटांमधून सरकवते नि कुठे वीण ढिली पडली ते सांगते. इथल्या बायकांची भाषा मला अजून अर्धीच येते, आणि आज ना उद्या कोणीतरी माझ्या आठवीवरून मला उठवेल अशी धास्ती अजून जात नाही. पण टेबलावर बसवताना त्यांनी फक्त माझी बोटं तपासली. मास्तर गेल्याचा फोन मला याच टेबलावर जेवणाच्या सुट्टीत आला. डबा तसाच बंद करून ठेवला आणि सुट्टी संपल्यावर पुन्हा कापड ओढायला लागले.

मास्तरांचं एक म्हणणं होतं, ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे. भोंग्याला केवढाही पोचा येऊ द्या, तो दिसतो पण सुराला फारसं काही करत नाही. तोंडाजवळच्या नळीत मुगाएवढा पोचा आला तर कोणाला दिसत नाही आणि पूर्ण वाद्य बिघडतं. गिऱ्हाइकं मात्र भोंगाच दाखवत. बँडमालक तर सगळ्यात पुढे. आमच्या गावच्या बँडचा मालक दर हंगामाच्या आधी पोरं बसवून सगळी वाद्यं चिंच आणि राखेने घासून घ्यायचा.

"मास्तर, कसं चमकते, पाह्यलं?"

"पाह्यलं जी. घासू घासू पत्रा पानासारखा केला तुमी. आता हे जोरात वाजवलं का किंचाळते." मास्तर भोंग्यावर नखाने टिचकी मारत. "लोकायले बँड पाहाचा हाये का ऐकाचा हाये?"

"पाहाचाच हाये ना बाप्पा. ऐकते कोण?"

मास्तर पुन्हा ठोकळा उचलत.

मग कापसाने बुडवलेली ती वर्षं आली. मी त्यांच्याबद्दल फार काही लिहीत नाही, लिहिणाऱ्यांनी लिहिलंय. आमच्या गल्लीत ती अशी आली की माझ्याकडे नव्या कपड्यांऐवजी जुने कपडे उसवून लहान करायला यायला लागले, आणि मास्तरांच्या तारेवरचे भोंगे कमी झाले. लग्नं सामुदायिक व्हायला लागली, किंवा मंदिरात, विहारात दहा माणसांत उरकायला लागली. गावच्या बँडमध्ये अठरा माणसं होती, ती सात झाली. तीन ट्रंपेट होती, एक उरलं. आणि मालक येऊन म्हणाला, एका ट्रंपेटमधून तिघांचा आवाज निघाला पाहिजे.

ते करता येतं. ओठ टेकवायची जी पितळी वाटी असते, माऊथपीस, ती खोल असली की आवाज गोल आणि भरलेला येतो. उथळ केली की टोकदार होतो, ढोलताशाच्या वरून जातो, चौकापलीकडे ऐकू येतो. मास्तरांनी वाटी उथळ करून दिली. त्या वर्षांत त्यांनी आजूबाजूच्या सगळ्याच बँडना तशा करून दिल्या, कारण सगळ्यांचीच माणसं कमी झाली होती. एखादी वरात गल्लीच्या तोंडावरून गेली की ते हातातलं काम ठेवत आणि मान खाली घालून बसत.

"काय झालं जी?" मी विचारलं एकदा.

"लोकायचे कान सोलून राह्यलो मी, बाई. तेवढंच काम उरलं."

बँडचं ते एकटं उरलेलं ट्रंपेट रूपला वाजवायचा. रूपला जवळच्या बंजारा तांड्यावरचा, चाळिशीचा, उंच आणि अबोल. लग्नसराईत बँड, आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी बांधायला. आधी तो जिनिंगला दोन-अडीच महिनेच जायचा. बँडचं काम आटल्यावर चारही महिने जायला लागला. तिथल्या हवेत कापसाचं पीठ तरंगत असतं, भुवया पांढऱ्या होतात. भुवया धुता येतात.

मार्चमध्ये एका दुपारी तो मास्तरांकडे आला.

"मास्तर, ट्रंपेट अडून राह्यलं."

"कुठी अडते?"

"सगळीकडंच."

मास्तरांनी बिडी पेटवली, भोंग्यात चिंधी कोंबली आणि धूर सोडला. धूर कुठूनच बाहेर आला नाही. नमदे मी नुकतेच बदलले होते, पिस्टन लोण्यासारखे चालत होते. मी दारातून पाहत होते. मास्तर बराच वेळ ट्रंपेटकडे पाहत नव्हतेच. ते रूपलाच्या खांद्यांकडे पाहत होते. नुसता बसला असतानाही श्वास घेताना त्याचे खांदे वर जात होते.

"तू दवाखान्यात गेलतास काय बे?"

"ट्रंपेटचं सांगा ना जी."

"ट्रंपेट बरं हाये."

रूपला खाली पाहत म्हणाला, "छोरीर वाया छ, मास्तर." लगेच ध्यानात आल्यासारखं आमच्या बोलीत म्हणाला, "पोरीचं लगन हाये. वीस दिवसावर. पोरगी निघंन तवा मीच वाजवणार हावो. दुसऱ्या कोणाले वाजवू देणार नाई."

तांड्यावरच्या लग्नात निघायच्या वेळी मुलगी एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. रडणं आणि गाणं एकाच चालीत. ते संपलं की तिला गाडीत बसवतात. रूपलाने पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या मुलींची पाठवणी वाजवली होती. आपल्या मुलीची दुसऱ्याने वाजवावी, हे त्याला मरणासारखं वाटत होतं.

"थोडं मोकळं करून द्या," तो म्हणाला. "आतून रस्ता मोठा करा. वारा सरळ गेला पाहिजेन."

मास्तरांनी केलं. मला अजून वाटतं, त्यांनी ते मायेने केलं म्हणून चुकलं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर ते आधी भांडले असते. माऊथपीसच्या वाटीच्या तळाशी एक बारीक भोक असतं. त्याला ते गळा म्हणत. तो गळा त्यांनी दोन दिवस बारीक गोल कानशीने हळूहळू रुंद केला. मग रूपलाला बोलावलं. माझं काम ठरलेलं होतं. मी गल्लीच्या टोकाला जाऊन उभी राहायची आणि आवाज कसा पोचतो ते सांगायचं. रूपलाने फुंकलं. त्याच्या त्या उंच देहातून बऱ्याच दिवसांनी एवढा मोठा, भरून आलेला सूर निघाला. हॉटेलातला माणूस बाहेर येऊन पाहायला लागला. मी हात वर केला. चांगलं आहे, म्हणून.

मास्तर हसत होते. त्यांचं ते दोन दात नसलेलं हसू मी फार कमी वेळा पाहिलं.

चार दिवसांनी बाजारपेठेत एक वरात होती. आमच्या गल्लीपासूनच निघाली. पहिलं गाणं रूपलाने पूर्ण वाजवलं. दुसऱ्याच्या मध्यावर सूर थरथरला, खाली गेला, नि थांबला. ढोलवाले तसेच पुढे वाजवत गेले. रूपला रस्त्याच्या कडेला नाल्यावरच्या रपट्याच्या कठड्यावर बसला, तोंड उघडं, दोन्ही हात गुडघ्यांवर. नवरदेवाकडची पोरं ओरडली, "काका, चाबी भरा." हसले सगळे. मालकाने येऊन त्याच्या मांडीवरचं ट्रंपेट उचललं आणि त्याला म्हणाला, उद्यापासून येऊ नको. तेही त्याने हळू आवाजात म्हटलं, म्हणजे त्याला स्वतःलाच वाईट वाटत होतं.

मास्तर दारात उभे राहून हे सगळं पाहत होते. मीही. रूपला चालत चालत आमच्या समोरून गेला, आणि जाताना मास्तरांना म्हणाला, "ट्रंपेट चांगलं केलतं जी. मीच कमी पडलो." तो रागावला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसानंतर मास्तरांनी दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर ते अंधारात ऐरणीजवळ बसले होते, हातात मालकाकडून मागून आणलेलं ते माऊथपीस.

"मी हात वर केलता," मी म्हणाले. "माहीही चूक हाये."

"तू दूर होतीस. मी जवळ होतो." ते माऊथपीसच्या भोकात पाहत होते. "चाळीस वर्सं झाली या कामात, अन् साधी गोष्ट नाई समजली. गळा मोठा केला का मानसाचा दम भसकन निघून जाते. भरलेली छाती पाहिजेन त्याले. याची छाती अर्धी हाये. याले अडवणारा गळा पाहिजे होता. दम अडला तर तो टिकते, थोडा थोडा जाते. मी दार सताड उघडून देल्लं."

"मंग लहान करा ना जी."

"घासलेलं पितळ वापस नाई येत, बाई."

पण चहा प्यायल्यावर ते उठले. मोडीतल्या वाद्यांच्या पोत्यातून त्यांनी एक जुनं, भोंगा नसलेलं ट्रंपेट काढलं. त्याची तोंडाकडची नळी नेहमीपेक्षा अरुंद होती. ती कापून त्यांनी पोत्यातल्याच दुसऱ्या एका ट्रंपेटला बसवली. एका दुसऱ्या माऊथपीसच्या गळ्यात पितळेची बारीक नळी डाक लावून बसवली आणि ती आतून इतकी गुळगुळीत केली की काडीला गुंडाळलेला माझा रेशमी धागा कुठेच अडकत नव्हता. भोंगा चिंचेने घासून पातळ झालेल्यांपैकीच घेतला. पातळ पत्रा कमी दमात बोलतो, म्हणाले, मालकाच्या राखेचा एवढा तरी उपयोग. मला त्यांनी तीन वेळा चकत्या बदलायला लावल्या. पिस्टनला माझ्या मशीनचं तेल, त्यात थोडं रॉकेल. नऊ दिवस ते दुसऱ्या कोणत्याच वाद्याला शिवले नाहीत.

मधल्या एका दिवशी ते रूपलाला घेऊन एसटीने यवतमाळच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांनी जिनिंग सोडायला सांगितलं. परत गल्लीत आल्यावर रूपला म्हणाला, "सोडतो जी," आणि दोघांनाही ते खरं वाटलं नाही.

लग्नाच्या तीन दिवस आधी रूपलाने ते ट्रंपेट वाजवून पाहिलं. मी गल्लीच्या टोकाला गेले होते. मला काही ऐकू आलं नाही. मी अर्ध्या गल्लीपर्यंत आले तेव्हा ऐकू आलं. आवाज लहान होता आणि थोडा सावळा. रूपलाने ते तोंडापासून काढलं.

"मास्तर, हे तर पिपाणी झाली."

"दम लागला?"

रूपला थांबला. "नाई."

"पुन्हा वाजव."

त्याने पुन्हा वाजवलं. पूर्ण चाल वाजवली.

"पन हे ऐकू कोणाले जाईन?" त्याने विचारलं. "तांड्यात पाचशे लोक असन."

"पाचशाले कायले ऐकवतं बे? पोरगी दहा पावलावर असंन तुह्या."

तो ट्रंपेट फडक्यात गुंडाळून घेऊन गेला. मास्तरांनी मला विचारलं, "किती दूर पोहोचते?" मी खोटं सांगणार होते. मग सांगितलं, अर्ध्या गल्लीपर्यंत. त्यांनी मान हलवली. त्यांना तेवढंच अपेक्षित होतं, की तेवढंही नव्हतं, मला कळलं नाही.

माझा नवरा दोन महिन्यांपूर्वीच तिरुप्पूरला गेला होता. गल्लीतलं मशीन विकून मीही निघाले होते, आणि माझी रेल्वे नेमकी त्याच दिवशी धामणगावहून होती. मास्तर म्हणाले, तांडा वाटेवरच आहे, लग्नाला थांब आणि तिथूनच जा. त्यामुळे मी एक ट्रंक आणि एक बोचकं घेऊन ऑटोने लग्नाला गेले. ऑटोवाल्याने ट्रंकेकडे पाहून विचारलं, नवरी कोण आहे.

दुपार उतरायला लागली होती. बँडची पोरं आपणहून आली होती, कोणी बोलावलं नव्हतं. मुलगी ढावलो म्हणत एकेकीच्या गळ्यात पडत होती, मग बापाच्या. रूपलाने एका हाताने तिला धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने ट्रंपेट छातीशी. तिला गाडीत बसवलं. ढोलवाल्याने टिपरू उचललं तर मास्तर मध्ये गेले आणि त्याच्या हातावर हात ठेवला. "आज नको रे बाबा."

रूपलाने वाजवायला सुरुवात केली तेव्हा मागच्या लोकांना कळलंच नाही की काही सुरू झालंय. ते बोलत राहिले. मग पुढच्या बायका गप्प झाल्या, त्यांच्या मागच्या झाल्या, आणि हळूहळू सगळा तांडा गप्प झाला. तो एक ओळ वाजवायचा आणि थांबायचा. खांदे वर जायचे, खाली यायचे. मग दुसरी ओळ. त्या थांबण्यात कोणी हललं नाही. मुलगी गाडीच्या खिडकीतून बाहेर डोकं काढून पाहत होती. गाडीवाल्याने इंजिन सुरू केलं नव्हतं. चाल पूर्ण झाली. मग गाडी निघाली आणि धुळीत गेली.

माझा ऑटोवाला घाई करत होता. रेल्वे चुकेल म्हणत होता. मी मास्तरांच्या पाया पडायचं म्हणून वळले, पण रूपलाने ट्रंपेट खाली ठेवलं नव्हतं. गाडी दिसेनाशी झाली तरी तो पुन्हा पहिल्यापासून वाजवत होता. मास्तर त्याच्या मागे अगदी जवळ उभे होते. एक तळहात त्याच्या पाठीवर सपाट ठेवलेला, आणि दुसरा हात मागून येणाऱ्या लोकांना थांबवायला पसरलेला. डोळे मिटलेले. निरोप घ्यायचा तर मध्ये बोलावं लागलं असतं.

मी ऑटोत बसले. ऑटोवाल्याला म्हटलं, जरा हळू चालव. तो हळू चालवत होता, तरी दुसऱ्या शेताच्या बांधापर्यंतच ऐकू आलं.